कानामागची खूण

न्हाव्याने शेवटची बट उतरवली, ओल्या फडक्याने उत्पलेचं डोकं पुसलं, आणि तिच्या डाव्या कानामागे करंगळीच्या पेराएवढा काळा डाग उघडा पडला. रंजीताला आधी वाटलं, कोळसा. चंद्रपुरात काळं काही दिसलं की आधी कोळसाच वाटतो. खिडकीच्या चौकटीवर, वाळत घातलेल्या दुपट्यांवर, दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर ती भुकटी रोज बसते, रोज पुसायची. रंजीताने अंगठा जिभेला लावला आणि डाग घासला. पुन्हा घासला. कातडी लाल झाली, डाग होता तिथेच राहिला आणि बापाच्या मांडीवर बसलेल्या उत्पलेने भोकाड पसरलं. "राहू द्या बाई," मुखरू न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "ते जनमचं आहे. जावळाखाली दिसलं नसंल तुमाले. घासून थोडी जाते ते?" कुलदीप हसला. लेकीचं गुळगुळीत डोकं कुरवाळत म्हणाला, "पाह्य ना वं, भिक्खूच झाली माझी लेक!" रंजीताही हसली असावी. समोरच्या आरशात तिला आपलं तोंड हसताना दिसलं होतं. पण तिच्या अंगठ्याला भास झाला की तो तेलकट झालाय. तेल आणि काजळी. तिने तो पदराला पुसला, घरी येईपर्यंत पुसत राहिली, आणि वाटेत दुकानासमोर स्कूटर थांबवायला लावून एक टोपी घेतली. कान झाकणारी, बंद बांधायची, हिवाळ्यातली. दुकानदाराने ती वरच्या फळीवरून धूळ झटकून काढून दिली. एप्रिल चालू होता. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं.

ही खूण तिने आधी पाहिली होती. लेकीच्या कानामागे नाही, तिच्या मैत्रिणीच्या, चंचलच्या. जिवंत चंचलच्याही नाही. आलापल्लीच्या अलीकडे, चंचलच्या मामाच्या अंगणात, बाजेवर निजवलेल्या चंचलच्या. पावसाने चार घटका दम घेतला होता. बायका रडून रडून गप्प झाल्या होत्या. तेव्हा चंचलची आई बुधरी उठली, आत जाऊन भाताचं मडकं घेऊन आली, ते पालथं घातलं, बुडाची काजळी अंगठ्याने खरवडली, टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलात कालवली, आणि मुलीचे केस बाजूला करून कानामागे तो अंगठा दाबून धरला. जन्मभर जंगलाचे नमुने गोळा करणाऱ्या मुलीच्या अंगावरचा तो शेवटचा शिक्का. रंजीताच्या शेजारी चंचलचा मामेभाऊ रोशन उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "आमच्यात असंच करतात ताई. मंग ते परत आलं की ओळखू येते." रंजीताने विचारलं, "कुठी परत?" "येते कुठीतरी. लेकरू होऊन. जिथं जीव लागला असंल तिथं." आणि त्याच वेळी बुधरीने मान वर करून रंजीताकडे पाहिलं होतं. सहज पाहिलं असेल. समोर उभ्या असलेल्या माणसाकडे माणूस पाहतोच. पण त्या दिवसांत रंजीताला दिवस गेले होते आणि ते तिच्याशिवाय कुणालाच, कुलदीपलाही, ठाऊक नव्हतं. पुढे सासूला हिशेब लागला तेव्हा ती कपाळावर हात मारून म्हणाली होती, "पोटुशी बाई मयताले जाते का कुठी?" आणि रंजीताने तिला उडवून लावलं होतं. वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. आहे मी आई, म्हणाली होती.

दुपारी उत्पला झोपली की रंजीता टोपीचा बंद सोडायची आणि बघत बसायची. ही तिची चोरलेली वेळ. पूर्वी ती या वेळात वाचायची, सेट परीक्षेची पुस्तकं उघडायची, काही नाही तर पंख्याखाली नुसती पडायची. आता ती लेकीच्या कानाशी वाकून बसायची. डाग कधी मोठा वाटायचा, कधी लहान. डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्यांनी बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, जन्मखूण आहे, काही नाही. काही नाही हे तिलाही ठाऊक होतं. रंग कातडीत कसा साठतो हे ती वर्गात शिकवू शकली असती. आणि वडिलांचा आवाज तर कानात होताच. गोंडपिपरीच्या शाळेतले रामटेके गुरुजी, दर पौर्णिमेला पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात मुलांना पुढ्यात बसवून सांगायचे, "आत्मा नाही. म्हणून कोणी परत येत नाही. म्हणून माणसाशी आत्ताच नीट वागायचं." लहानपणी हे वाक्य तिला फार मोकळं वाटायचं, खिडकी उघडल्यासारखं. भूत नाही, देव अंगात येत नाही, पिंपळ म्हणजे पिंपळ. आता ती ते वाक्य मनात म्हणायची आणि ते एखाद्या छत्रीसारखं उघडायचं, पण भीती वरून येतच नव्हती. ती खालून, तळव्यातून येत होती.

आणि नेमका कोणता कान? हा एक किडा तिच्या डोक्यात शिरला होता. ती बाजेच्या पायथ्याशी उभी होती. बुधरी बसली होती ती तिच्या उजव्या हाताला. पायथ्याकडून पाहिलं तर निजलेल्या माणसाचा डावा कान आपल्या उजव्या हाताला येतो. म्हणजे डावा. पण ती खरंच पायथ्याशी उभी होती का? की पागोळ्यांचं पाणी गळत होतं म्हणून उशाकडे सरकली होती? ती स्वयंपाकघरात उभी राहून फरशीवर बाज कल्पायची, इकडून बघायची, तिकडून बघायची, आणि कुकरची शिट्टी झाली की दचकायची.

तिला आठवत होती ती जिवंत चंचल मात्र डाव्या-उजव्याच्या पलीकडची, अख्खी होती. चंचल पुंगाटी. भामरागडच्याही पुढच्या गावातून गडचिरोलीला एम.एस्सी.ला आलेली, वसतिगृहाच्या खोलीत पहिल्याच दिवशी पेटीतून कपड्यांच्या आधी गाडी दुरुस्तीचे पाने आणि व्हॉलीबॉल काढणारी. वसतिगृहातली कुणाचीही गाडी बंद पडली की चंचलला हाक. प्लग काढून फुंकर मारून ती म्हणायची, "हिले काही नाई झालं, हे बी रंजीतासारखीच आहे. उगीच भेते." रंजीता भ्यायचीच. पालीला, परीक्षेला, पाठ वळवून बसलेल्या माणसाला. जंगलात नमुने गोळा करायला गेलं की तिची मान सारखी मागे वळायची. "काय पाहून राह्यली वं?" चंचल विचारायची. "वाघ त नाई ना?" "असंल त असंल. त्याले बी काम असते. तो काय तुझ्यासाठीच बसला आहे?" आणि हीच चंचल नागपूरच्या चर्चासत्रात लिफ्टसमोर घोड्यासारखी अडून बसली होती. दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, चंचल आत जाईना. "त्या पेटीत नाई जात मी. वर गेल्यावर दार नाई उघडलं त?" सगळे मजले ती जिन्याने चढली, आणि घामाघूम होऊन, त्याच धापेत, जंगलातल्या अळंब्यांवर असं काही बोलली की मागच्या रांगेतले चहाला उठलेले प्राध्यापक परत बसले. सात्या, म्हणजे पावसाळी अळंब्या, हा तिचा ध्यास होता. पहिल्या पावसानंतर वारुळाशी कोणती उगवते, कोणती भाजीला, कोणती विषारी, तिला गोंडीत प्रत्येकीचं नाव ठाऊक होतं, आणि शास्त्रीय नाव सापडलं नाही की ती पुस्तकावर रागवायची, अळंबीवर नाही. नमुना दाबून, वाळवून, कागदावर टाचून झाला की विभागातले सर खालचा कोपरा तपासायचे. नाव, जागा, तारीख, गोळा करणारा. "लेबल नसेल तर तो नमुना नाही, पाला आहे. शेळीपुढे टाका." चंचलला हे पटलं होतं. ती म्हणायची, "बरोबर आहे. हरवलेलं सापडलं पाहिजे ना मंग."

हे वाक्य रंजीताला आता, उत्पलेच्या डोक्याशी बसलेली असताना, आठवायला नको होतं.

शिकून झाल्यावर रंजीताचं लग्न झालं, कुलदीपला वीज केंद्रात नोकरी, म्हणून चंद्रपूर. चंचलने अहेरीच्या कॉलेजात तासिकांवर शिकवलं, मग ते सोडलं आणि गावोगावच्या ग्रामसभांसाठी काम करू लागली. कोणत्या गावाचं जंगल कुठून कुठवर, त्यात मोहाची झाडं कुठं, तेंदू कुठं, बांबू किती जुना, हे ती म्हाताऱ्यांना सोबत घेऊन चालत चालत नकाशावर उतरवायची. टेकडीवर चढली की तिच्या फोनला रेंज यायची, त्यामुळे तिचा फोन नेहमी धापा टाकत यायचा. शेवटचाही तसाच आला होता. अंगात ताप होता. "मलेरिया त आमचा पाव्हणा आहे," चंचल हसत म्हणाली होती. "येते, राहते, जाते. गोळ्या घेऊन राह्यली ना मी. परवा सभा आहे, ते झाली का येते दवाखान्यात." सभा झाली. तोवर पर्लकोटा नदीला पूर आला, पूल पाण्याखाली गेला. पाणी उद्या उतरेल, उद्या उतरेल म्हणत सगळे थांबले. शेवटी डोंग्यातून पलीकडे आणली, तेव्हा ती आईला ओळखत नव्हती. ताप मेंदूत चढला होता. अहेरी यायच्या आधीच गेली. मागे नदी आणखी फुगली होती, म्हणून तिचं गाव तिला पुन्हा दिसलं नाही, मामाच्या अंगणात उतरवावं लागलं. चंद्रपुरात ज्याला सांगावं तो विचारायचा, "वाघानं का?" रंजीता म्हणायची, "नाही, तापानं." आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती लगेच विझायची. ताप तर सगळ्यांनाच येतो. रंजीताची तिथून सुरू व्हायची. वाघाला पाठ तरी असते, पाऊल असतं, मागे वळून पाहता तरी येतं.

आता घरात डास दिसला की ती हातातलं काम टाकून त्याच्या मागे धावायची. उत्पलेचं कपाळ दिवसातून कितीदा तरी चाचपायची. आणि त्या चाचपण्याआड दुसरी, बोलता न येणारी भीती होती. ती कुणाला सांगावी? समजा, नुसतं समजा, ही चंचल असेल. तर मग उत्पला कुठंय? आपण पोटात वाढवली, रात्रंदिवस पाजली, ती कोण होती? आणि जो परत येतो तो सगळं घेऊन येत असेल का? हसणं, जिद्द, जिन्याने चढणं, आणि तो तापही? उत्पला अंगणात उकिडवी बसून मुंगीकडे टक लावून बघायची, तेव्हा रंजीता दारातच थबकायची. चंचल अशीच बसायची. सगळीच लेकरं तशी बसतात, ती स्वतःला सांगायची. मग उत्पला मुंगी उचलून तोंडात घालायची आणि रंजीताला रडू यावं इतका आनंद व्हायचा, कारण चंचलने मुंगी नक्कीच खाल्ली नसती. मग आठवायचं. लाल मुंग्यांची चटणी. वसतिगृहात डबा उघडून सगळ्यांना पळवून लावलं होतं तिने.

"काऊन वं, एवढ्या गरमीत हे टोपी कायले?" कुलदीपने एकदा विचारलंच. "जीव घाबरा होऊन राह्यला तिचा. घामोळं पाह्य किती आलं." "ऊन लागते डोक्याले. केस नाईत." "घरात कुठचं आलं ऊन?" तिने टोपीचा बंद पुन्हा नीट केला. तो लेकीला उचलून कूलरसमोर घेऊन गेला. त्याला सांगितलं असतं तर तो हसला असता, आणि हसून झाल्यावर रात्री गुपचूप टोपी उचलून बघितलीही असती. तेवढंच तिला नको होतं. आणखी कुणी बघितलं की ते खरं होणार होतं.

मग रोशनचा फोन आला. यायाच्या, म्हणजे बुधरीच्या, डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. चंद्रपुरात शिबिर होतं, तो तिला जीपने घेऊन येत होता. "ताई, याया म्हणते, परत जाताना रंजीताचं लेकरू पाहाले जायचं. मी म्हटलं, याया, त्याच्यासाठीच डोळे करून राह्यली का?" तो आपल्याच विनोदावर हसला. रंजीताने फोन ठेवला. तिने ठरवलं, आपण त्या दिवशी घरीच असायचं नाही. गोंडपिपरीला जायचं, बाबांची तब्येत बरी नाही म्हणायचं. तिने पिशवीत उत्पलेचे कपडेही भरले. कुलदीपने ती पिशवी पाहिली. "आता हे काय?" "जाऊन येते दोन दिवस." "अन् ते बुढी? भामरागडवरून माणूस येऊन राह्यलं, लेक गेलेली बाई, अन् तू पळून राह्यली?" पळून हा शब्द त्याने सहज वापरला होता. तिने पिशवी रिकामी केली. एकेक झबलं परत कपाटात ठेवताना तिला वाटत होतं, आपण कुणाचं तरी सामान लावतोय.

बुधरी आली ती भर दुपारी. रोशनने हात धरून तिला आत आणलं, आणि पाणी पिऊन, डिझेल भरून येतो म्हणत तो निघून गेला. कुलदीप ड्यूटीवर होता. खुर्ची दिली तरी बुधरी खाली फरशीवर, भिंतीला टेकून बसली. दीड वर्षात ती निम्मी झाली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसरा डोळा उघडा, पण पाण्यात दूध सांडल्यासारखा पांढुरका. तिने कमरेची पुरचुंडी सोडली. "चारं आणली. आपल्या जंगलातली. देजो लेकराले." मग हात पुढे केले, हवेत, नेमके कुठे धरायचे ते न कळून. "कुठी आहे?"

उत्पला परक्या माणसाला पाहिलं की किंचाळायची. दुधवाल्याला, शेजारणीला, सख्ख्या आत्यालाही. रंजीताने तिला कडेवर घट्ट धरून ठेवलं होतं आणि मनातल्या मनात विनवत होती, रड गं, रड, रड एकदाची. उत्पला रडली नाही. ती त्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिली, मग वाकली, आणि त्या पसरलेल्या हातांत रोज जात असल्यासारखी गेली. बुधरीने तिला मांडीवर घेतलं. उत्पलेने पुरचुंडीतलं काळं चार, चारोळीचं फळ, उचललं, तोंडात घातलं, आंबटगोड रस हनुवटीवरून गळू लागला. बुधरीचे हात वरून खाली फिरले. पाय, पोट, खांदे. ती गोंडीत काहीतरी पुटपुटत होती, रंजीताला त्यातला एकही शब्द कळत नव्हता, आणि उत्पला मान हलवत होती. डोक्याशी आल्यावर हात थांबला. "हे काय घातलं वं? आग पडून राह्यली भाईर. काढ हे. जीव शिजून राह्यला लेकराचा." आणि रंजीता पुढे व्हायच्या आत तिनेच बंद ओढला. टोपी फरशीवर पडली. "जावळ काढलं," बुधरी म्हणाली आणि हसली. बोटं त्या गुळगुळीत डोक्यावरून फिरू लागली. टाळू, कपाळ, उजवा कान. मग डावा. अंगठा कानामागे गेला. तोच अंगठा. अंगठा त्या काळ्या डागावरून गेला आणि न थांबता पुढे मानेवर उतरला. डागाला उंचवटा नव्हता. बोटाला कळण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

म्हणजे सुटले. हिला दिसत नाही. जीप येईल, ही जाईल, उद्या पट्टी निघेल ती भामरागडात, नदीपलीकडे. टोपी पुन्हा बांधता येईल, मग केस येतील, मग कुणालाच कधी कळणार नाही. बाहेर हॉर्न वाजला, पण तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता. बुधरी उत्पलेच्या टाळूला नाक लावून वास घेत होती, डोळे मिटून, लांब श्वास. रंजीता दुपारी घ्यायची तसाच. आणि रंजीताच्या मनात, कुणी बोलावलं नसताना, एक चित्र येऊन बसलं. उत्पला नाही. पाणी वाढलंय, उत्पला कुठे नाही. आणि नदीपलीकडे कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी पोराच्या डोक्यावर भर उन्हाळ्यात टोपी आहे, आणि आपण बुधरीच्या जागी फरशीवर बसलोय, ती टोपी बांधणारी बाई आपल्याला पाणी देतेय, चहा विचारतेय. तिला वाटलं आपण ओरडू. ती ओरडली नाही. ती फरशीवर बुधरीसमोर बसली, तिचा अंगठा आपल्या मुठीत धरला. तिने तो अंगठा लेकीच्या डाव्या कानामागे नेऊन ठेवला.

"याया, इथं आहे. काळं."

बुधरीचा अंगठा तिथेच राहिला. तिच्या उघड्या डोळ्यात काही दिसत नव्हतं, ना आनंद, ना हक्क, नुसती ती दुधाळ साय. तिने विचारलं, "कवाचं?"

"जन्माचं."

"कोनाले सांगितलं?"

"कोणालेच नाई."

रंजीता वाट पाहत होती. आता ही म्हणेल, दे. किंवा म्हणेल, वेडी आहेस का पोरी, तो डावा नव्हताच. दोन्हींची तिला सारखीच भीती वाटत होती, आणि विचारण्याची तर सगळ्यांत जास्त. उत्पला चाराची बी फरशीवर ठेवून तिच्याकडे वाकून बघत होती. मग बुधरीने जमीन चाचपली. टोपी सापडली. तिने ती दोन्ही हातांनी उलगडली, लेकराच्या डोक्यावर बसवली, कान नीट आत घेतले, आणि हनुवटीखाली बंद बांधला. सैल, लेकराला काचणार नाही असा.

बाहेर जीप थांबली. "चाल वं याया, उशीर होते," रोशन दारातून म्हणाला. बुधरी भिंतीला धरून उठली. उत्पलेला तिने रंजीताच्या हातात दिलं, देताना एक क्षण सोडलं नाही, मग सोडलं. उंबऱ्याशी पोचल्यावर ती थांबली. वळली नाही. वळून तिला दिसणार नव्हतंच काही.

"पोरी," ती म्हणाली, "ह्या खेपेले ताप आला, त वाट नोको पाहू."

जीप निघून गेली. वस्तीतल्या रस्त्यावर कोळशाची काळसर धूळ उठली आणि हळूहळू खाली बसली. रंजीता दारातच उभी होती. उत्पला तिच्या खांद्यावर डोकं टेकून, गेलेल्या जीपच्या दिशेने हात हलवत होती. रंजीताने टोपीखाली बोटं सरकवून तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गरम लागलं. ऊन असेल. टोपी असेल. की आपलाच हात गार पडलाय. तिने हात काढला, स्वतःच्या गालाला लावून पाहिला, पुन्हा कपाळावर ठेवला, आणि मग चपला शोधायला आतसुद्धा न जाता, लेकीला तसंच उराशी धरून, दवाखान्याच्या रस्त्याला लागली.